ऑफ कोर्सवाली शाळा

माझे धाकटे दीर मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले आणि वाशिमहून आसेगावला घरी परत आले, ते एक पत्र्याची पेटी, एक सायकलचा पंप आणि 'ऑफ कोर्स' हा शब्द घेऊन. सायकल नव्हती. पंप कशाला आणला ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. 'ऑफ कोर्स' मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून वापरायला काढला.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेर मालेगावचं. तिथे चौथीपर्यंत शिकले होते, आणि सासरच्या घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. पण सुनेला वाचता येतं याचं घरात काही काम पडत नसे. सासरे गावचे पाटील. त्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. दिवसभर डोक्यावर पदर, खाली मान आणि तोंडी 'हो जी'. तशा घरात हे सुरू झालं.

"भाऊजी, जेवता का?"

"ऑफ कोर्स!"

"आनखी एक भाकर देऊ?"

"ऑफ कोर्स!"

शेवटी मी विचारलंच, हे काय म्हणता म्हणून. दीर चुलीपुढे उकिडवे बसले आणि मला शिकवायला लागले. वाशिमला त्यांचे इंग्रजीचे मास्तर घडीघडी हा शब्द म्हणत. वर्गातल्या पोरांनी बाकीचं इंग्रजी सोडून दिलं आणि तेवढं उचललं.

"पाहा वहिनी, नुस्तं 'यस' म्हनलं तं 'हो' होते. 'ऑफ कोर्स' म्हनलं तं 'हो, अन् हे काय इचाराची गोष्ट हाय का' असं होते. बोलन्याले जोर येते."

"म्हंजे आपलं 'नाही तं काय' असते तसं?"

"बरोबर! हुशार हा तुमी."

"मंग 'नाही तं काय'च म्हना ना."

"त्यात कोर्स कुठी हाय?"

"कोर्स म्हंजे काय?"

"ते मास्तरनं सांगतलं नाही," दीर म्हणाले. "पन याची मजा अशी हाय का कुठीबी लावा. 'ऑफ कोर्स मी जेवलो.' 'मी ऑफ कोर्स जेवलो.' 'मी जेवलो, ऑफ कोर्स.' पोट तेवढंच भरते, पन बोलनं भारी होते."

मी हसू दाबायला गेले तर फुंकणी हातातून निसटली आणि राख माझ्याच तोंडावर उडाली.

खरूज पसरावी तसा तो शब्द घरात पसरला. आत्याबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग एक दिवस शेजारणीनं विचारलं, "विरजन हाय का व?" तर आत्याबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "आपकोस!" त्यांच्या तोंडी तो शब्द असाच बसला आणि फार शोभला. गडीमाणसं बैलांना पाणी दाखवून आली की आम्ही 'पाजलं का' विचारायचो आणि ती 'हापकोर्स जी' म्हणायची. मी मात्र मोठ्यानं म्हणत नव्हते. विहिरीवर एकटी असले की वाकून आत म्हणायची, "ऑफ कोर्स!" आणि विहीरही मला तेच सांगायची.

मामाजींना तेवढा तो शब्द सहन होत नसे. त्यांचं म्हणणं, ज्याला मनातून नाही म्हणायचं असतं तोच इतक्या जोरानं हो म्हणतो. "पाटलाच्या घरी हो म्हंजे हो," ते म्हणत. "त्याले शेपूट कायले पायजे?"

त्या हिवाळ्यात ब्लॉकच्या कचेरीतून निरोप आला की अकोल्याहून एक मोठ्या साहेबीण गावं पाहत फिरून राहिल्या आहेत, आसेगावलाही येतील. कोणत्या दिवशी ते कळवलं नव्हतं. मामाजींनी चावडीला चुना मारून घेतला, रस्त्यातलं खत उचलायला लावलं आणि वाट पाहिली. दोन दिवसांनी खत पुन्हा रस्त्यात आलं.

आणि मग साहेबीण आल्या. हे, म्हणजे माझे मालक, सकाळीच कापसाची गाडी घेऊन मंगरूळपीरच्या बाजारात गेले होते. दुपारी एक गडी पळत आला: साहेबांची जीप नाल्यातल्या गाऱ्यात फसली, चाकं अर्धी आत गेली. मामाजींनी बैलांच्या दोन जोड्या सोडल्या, दोर घेतले, होते तेवढे गडी घेतले आणि नाल्याकडे निघाले. "साहेबीण पाठीमागून येतील," ते जाताना म्हणाले. "तवर फराळाचं पाहा."

पण त्या बाईंना नुसतं बसून राहणं जमत नसे. जीप निघेपर्यंत थांबायचं सोडून त्या चिखलातून उतरल्या आणि आपल्या आपण गावाची वाट धरली. मामाजी नाल्याच्या मोठ्या वाटेनं गेले, बाई पाऊलवाटेनं आल्या, त्यामुळे दोघांची चुकामूक झाली. आम्ही आत्ता कुठे परात पुढे ओढली होती, तोवर दारात एक बाई उभी.

साहेबीण म्हणजे गोरी मडम असणार असं आम्ही धरून चाललो होतो. या होत्या आमच्याहून सावळ्या, उंच, मद्रासकडच्या. केसांत फुलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला, पायांना पोटरीपर्यंत काळी माती. हिंदीतलं त्यांना 'नमस्ते' आणि 'पानी' एवढंच येत होतं. बाकी सगळं इंग्रजी. त्यांचं बोलणं समजून सांगणारे ब्लॉकचे साहेब तिकडे जीपला खांदा लावून उभे.

घरात पुरुषमाणूस एकच, माझे दीर. त्यांनी टोपी सारखी केली, पुढे झाले आणि बाई काही बोलायच्या आधीच म्हणाले, "ऑफ कोर्स!"

बाईंना फार आनंद झाला. इंग्रजी येणारा माणूस भेटला असं वाटून त्यांनी भराभर विचारायला सुरुवात केली. मी दाराआडून पाहत होते. काय विचारलं ते मला नंतर कळलं, पण दिरांचं उत्तर त्याच वेळी कळत होतं, कारण ते एकच होतं. हे पाटलांचं घर का? ऑफ कोर्स. गावात शाळा आहे? ऑफ कोर्स. ती खरंच होती, मारुतीच्या पारामागे, मुलांची. मुलीही शिकतात? ऑफ कोर्स! मुलींचा वेगळा वर्ग आहे? ऑफ कोर्स!!

मग बाईंनी असा प्रश्न केला, ज्याला हो-नाही चालत नव्हतं. त्यांना कोण शिकवतं?

दिरांचा हात आपोआप टोपीकडे गेला. 'टीच' तेवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी छताकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि मग दाराआडून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चाळणी होती.

"माय वहिनी," ते म्हणाले.

बाई माझ्याकडे पाहून हात जोडून हसल्या. मीही चाळणीसकट हात जोडले. बाईंनी आणखी एक विचारलं आणि दिरांनी शेवटचं 'ऑफ कोर्स' सोडलं, पण या वेळी त्यांचा आवाज चिरकला. ते पाणी आणायचं निमित्त करून आत आले.

"वहिनी, एक घोटाळा झाला. तुमी मास्तरीन हा."

"कवापासून?"

"आत्तापासून. पोरींचा वर्ग तुमीच घेता. अन् बाईले तो पाहाचा हाय."

"कायचा वर्ग? कायच्या पोरी? भाऊजी, तुमी हो काहून म्हनले?"

"मी हो म्हनलोच नाही. ऑफ कोर्स म्हनलो."

मी घाबरले, आणि त्याच वेळी मला हसू यायला लागलं. आता ते आठवलं की वाटतं, त्या वयात भीती आणि हसू एकाच भांड्यात उकळत असतात. आत्याबाईंनी आमचं ऐकलं होतं. मी म्हटलं, आता काही खरं नाही. पण घरची अब्रू जाते म्हटल्यावर आत्याबाईंच्या अंगात जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला. "मागच्या खोलीत पोट्ट्या बसल्या नाहीत का कापसापाशी? त्याहीले बसव नीट. मी बाईले धरून ठेवतो."

मागच्या खोलीत वेचणीचा कापूस छताला टेकला होता. गावातल्या पोरी रोज तिथे बसून कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, निवडून वेगळा करायच्या. लहान-मोठ्या मिळून खोलीभर पोरी. सगळ्यांच्या केसांना, भुवयांना कापूस. मी जाऊन म्हटलं, "पोरीहो, मोठी साहेबीन येऊन राह्यली. आता इथं शाळा हाय. मी मास्तरीन. हसाचं नाही."

यावर पोरी ज्या हसल्या त्या हसल्याच.

फळा नव्हता. मी स्वयंपाकघरातून मोठा तवा उचलला. त्याची पाठ काजळीनं काळीकुट्ट होती. भिंतीला टेकवून उभा केला, चावडीच्या चुन्यातला एक खडा सापडला, त्यानं वर मोठा 'क' काढला. तो इतका सुरेख उमटला की मीच दोन क्षण पाहत राहिले. चौथी झाल्यापासून अक्षर काढायला हातात काही घेतलं नव्हतं.

"म्हना, क कापसाचा!"

"क कापसाचा!" पोरी ओरडल्या. छप्पर हललं.

"ख खुरप्याचा!"

"ख खुरप्याचा!"

बाहेर ओसरीवर आत्याबाई बाईंना धरून बसल्या होत्या. शेतातून आलेला हुरडा पुढे ठेवला होता आणि सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. बाई इंग्रजीत काही विचारायच्या, आत्याबाई म्हणायच्या 'आपकोस', आणि मग मराठीत आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगायच्या. बाई मान डोलवायच्या. ठेच्याकडे बोट दाखवून बाईंनी काही विचारलं, बहुतेक तिखट आहे का, तेव्हाही आत्याबाई प्रेमानं 'आपकोस' म्हणाल्या आणि वर बोटभर वाढला. पण मद्रासकडच्या त्या बाई! त्यांनी तो हुरड्याला लावून सगळा खाल्ला, बोट चाटलं आणि आणखी मागितला. दिरांनी हे आत येऊन मला सांगितलं. "वहिनी, बाई आपल्यातली हाय!"

मग बाई आत आल्या. पोरी उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मांडीवरचा कापूस खोलीभर उडाला. बाईंनी पुढच्या एका फाटक्या झग्याच्या पोरीला जवळ घेतलं आणि विचारलं, "वॉट इज युवर नेम?"

पोरीनं या घराच्या ओसरीवरून आजवर एकच इंग्रजी ऐकलं होतं. छाती काढून ती म्हणाली, "ऑफ कोर्स!"

बाईंनी दुसरीला विचारलं. "ऑफ कोर्स!" तिसरीला तिचं वय विचारलं. "ऑफ कोर्स!" मग विचारायचीही गरज उरली नाही. बाई जिच्याकडे पाहतील ती ओरडायची, आणि शेवटी सगळ्याच जणी एकदम सुरू झाल्या. बाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या मागे सरकल्या, पाय कापसात अडकला आणि साहेबीणबाई कापसाच्या ढिगात बसल्या, म्हणजे कमरेपर्यंत आत गेल्या. तिथे बसून त्या इतक्या हसल्या की पोरीही हसायच्या थांबून त्यांच्याकडे पाहायला लागल्या.

मी हात देऊन त्यांना उठवलं. उठताना त्यांनी आधाराला तवा धरला. हात काळा झाला. त्यांनी हाताकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. कडेला सकाळच्या भाकरीचं पीठ चिकटलेलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांना सगळं कळलं हे आम्हांला कळलं.

दीर दारात उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी धीराचा. पुढे आले आणि होतं नव्हतं ते इंग्रजी गोळा करून म्हणाले, "मॅडम... अँग्री?"

बाई मान हलवत म्हणाल्या, "ऑफ कोर्स नॉट."

आत्याबाईंनी दिरांच्या मागून डोकं आत घातलं.

"काय म्हनल्या?" आत्याबाईंनी विचारलं.

दिरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "'ऑफ कोर्स' म्हनल्या. म्हंजे रागावल्या, अन् इचाराचं कामच नाही. पन मंग 'नॉट' म्हनल्या. नॉट म्हंजे नाही. हो बी म्हनल्या अन् नाही बी म्हनल्या."

"नाट?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "मायबाई! पोरीच्या शाळेले नाट लावली का वं बाईनं?"

"नाट नाही माय, नॉट."

"तेच ना! चांगल्या कामात नाट!"

इतका वेळ आत्याबाईंच्या लेखी शाळा खोटी होती. तिला नाट लागली म्हणताच ती खरी झाली, हे माझ्या लक्षात आलं, पण बोलायची सोय नव्हती. कारण त्याच वेळी अंगणात बैलांच्या घंटा वाजल्या. मामाजी आणि ब्लॉकचे साहेब आले होते. साहेब मांडीपर्यंत गाऱ्यानं माखले होते, फक्त चष्मा तेवढा स्वच्छ. दिरांनी त्यांना दारातच गाठलं. "साहेब, लवकर सांगा. 'ऑफ कोर्स नॉट' म्हंजे हो का नाही?"

"नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे मुळीच नाही. बिलकूल नाही."

"पन त्यात ऑफ कोर्स हाय!"

"अहो, जोर द्यायला आहे तो. होला लावला तर होचा जोर, नाहीला लावला तर नाहीचा."

"आमच्या मास्तरनं हे सांगतलंच नाही," दीर म्हणाले, आणि खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मग साहेबांनी बाईंचं बोलणं आम्हांला सांगितलं. रागावू कशाला, बाई म्हणत होत्या. माझी पहिली शाळा घराच्या अंगणात वाळूवर भरली होती. आई बोट धरून अक्षरं काढायला लावायची, पाटी नंतर आली. तव्यावर मात्र मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, आणि साहेबांनी ते मराठीत केलं: "हा वर्ग उद्या भरेल का?"

सगळे मामाजींकडे पाहायला लागले. मामाजी पागोटं हातात घेऊन उभे होते. त्यांना अजून नीट कळलंच नव्हतं, घरात काय झालं ते. सून खोलीच्या मधोमध उभी, पदर खांद्यावर आलेला, हातात चुन्याचा खडा, आणि घरचा तवा भिंतीला टेकलेला. त्यांनी दिरांना विचारलं, "कोनं म्हनलं आपल्या इथं पोरींची शाळा हाय म्हून?"

दीर बसल्या बसल्या आत्याबाईंच्या मागे सरकले.

आत्याबाई पुढे आल्या. नवऱ्यासमोर पाहुण्यांदेखत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "उद्याचं कायले इचारता? आज बसल्याच हायत ना पोट्ट्या. शाळा भरली हाय. भरलेली शाळा कोनी मोडते का?"

मामाजींनी कापसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कापूस निवडला गेला पायजे. तोंडानं काय म्हनाचं ते म्हना."

एवढ्यावर ते ठरलं. बाई निघताना आत्याबाईंनी त्यांना ठेच्याची वाटी कापडात बांधून दिली.

संध्याकाळी आमचे मालक बाजारातून आले. गाडी सोडली, पाय धुतले, आणि दिरांनी त्यांना सगळं एका दमात सांगून टाकलं. ते ओसरीवर बसून मला हाक मारून म्हणाले, "सकाळी गेलो तं बायको होती, आता आलो तं मास्तरीन! उद्या कारंज्याले जातो म्हनलं तं कलेक्टर करून ठेवसान." मग हळूच म्हणाले, "मलेही सोताचं नाव लिवता येत नाही. मांग बसलो तं चालन का?"

दुसऱ्या दिवशी पोरी आल्या. कापूस निवडता निवडता बाराखडी म्हणू लागल्या. हात चालले की तोंड थांबायचं, तोंड चाललं की हात, पण हळूहळू दोन्ही जमलं. कापूस सरकी काढायला जिनात गेला तरी पोरी येत राहिल्या, कारण खोली रिकामी झाली तेव्हा मामाजींनीच तिला शेणानं सारवून घ्यायला सांगितलं. ब्लॉकमधून एक खरा फळा आणि पाट्यांची पेटी आली. गावात लोक तिला पाटलाच्या घरची शाळा म्हणत नव्हते. 'पोरगी कुठी गेली व?' 'ऑफ कोर्सवाल्या शाळेत.' दिरांनी पुढच्या वर्षी मॅट्रिक दिली आणि इंग्रजीत काठावर पास झाले.

वर्षभरानं मंगरूळपीरला पोरींची परीक्षा ठरली. मामाजींनी स्वतः बैल जुंपले. गाडीत आत्याबाई, मी आणि माझ्या पोरी, एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. बाजारपेठ लागली तशी पहिली पोरगी ओरडली, "कि-रा-ना!" आणि मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. आजवर त्या याच रस्त्यानं जत्रेला आल्या होत्या, पण दुकानांवरच्या पाट्या नुसत्या रंगवलेल्या दिसायच्या. आता त्या बोलायला लागल्या होत्या. 'येथे सायकल भाड्याने मिळेल.' 'थुंकू नये.' 'चहा व फराळ.' दोन्ही बाजूंच्या पोरी आपापल्या बाजूच्या पाट्या ओढून घेत होत्या, एकीची पाटी दुसरीनं आधी वाचली म्हणून भांडत होत्या, आणि दुकानदार बाहेर येऊन पाहत होते. मामाजींनी कासरा ओढून बैल हळू केले.

न्हाव्याच्या दुकानापाशी पोरी अडकल्या. "के-श-क..." पुढचं जोडाक्षर कोणालाच येईना. मी तोंड उघडलं तर आत्याबाईंनी माझा हात दाबला. मामाजींनी गाडी उभीच केली. मागून एका गाडीवाल्यानं आरडाओरडा केला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. पोरी ओठ हलवत होत्या. न्हावी वस्तरा घेऊन दारात आला, आणि त्याच्या मागून अर्ध्या तोंडाला साबण लावलेला एक माणूस बाहेर आला. काय चाललं आहे ते त्याला समजलं तसा तो गळ्यातला टॉवेल धरून हसत गाडीजवळ आला.

"वाचा, वाचा पोरीहो," तो म्हणाला. "माह्या दाढीची घाई नाही."